अन्वेरलारच्या रेषा : एमिली काम उंग्वारे यांची चित्रे आणि जमिनीवरचा हक्क

मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया या संग्रहालयाकडे एक चित्र आहे. रुंदी आठ मीटर, उंची तीन मीटरांना किंचित कमी. काळ्या पृष्ठावर पांढऱ्या रेषा, तिसरा रंग नाही. रेषा वळतात, एकमेकींना भेटतात, ओलांडतात, कुठे दाट होतात, कुठे सैल सुटतात आणि कडेला पोचल्या तरी संपल्यासारख्या वाटत नाहीत. चित्राला मध्य नाही. नजर जिथे टेकेल तिथून निघावे लागते. हे चित्र १९९५ मधले. ते काढले तेव्हा चित्रकर्तीचे वय पंच्याऐंशीच्या घरात होते आणि काम दोन दिवसांत पुरे झाले होते. मूळ नाव ‘अन्वेरलार अंगानेन्त’. इंग्रजीत त्याला ‘बिग याम ड्रीमिंग’ म्हणतात आणि जगभर ते याच नावाने ओळखले जाते. या इंग्रजी नावातले दोन मुख्य शब्द, ‘याम’ आणि ‘ड्रीमिंग’, मराठी वाचकाला चुकीच्या वाटेला लावतात. एमिली काम उंग्वारे यांच्या चित्रांविषयी मला जे म्हणायचे आहे ते या दोन शब्दांच्या उकलीतूनच निघते.

आधी एक खुलासा. मी कलेचा पदवीधर नाही. उमेदीची पंचवीस वर्षे जमीन मोजणीच्या कामात गेली आणि चित्रांचा नाद त्याच्या बाजूबाजूने चालला. एमिलींची चित्रे मी मुख्यतः प्रदर्शनांच्या सूचिग्रंथांतून पाहिली आहेत. छापील पानावर आठ मीटरांचे चित्र वीतभर होते, आणि वीतभर झाले की ते नक्षीसारखे दिसू लागते. म्हणून मी मोजपट्टी घेऊन गच्चीवर खडूने तेवढा आयत आखला आणि त्यात मांडी घालून बसलो. हात लांब करून कोणत्याही बाजूला पाऊण मीटरापलीकडे पोचता येत नाही. अशा आयतात बसलेल्या माणसाला चित्र दिसत नाही, त्याला फक्त आपल्या भोवतालची जमीन दिसते. एमिलींनी हे चित्र असेच काढले. कॅनव्हास जमिनीवर पसरलेला, त्या त्याच्यावर मांडी घालून बसलेल्या, आणि एका भागाला दुसरा भाग जोडत त्या कडेपर्यंत सरकत गेल्या. आधी कच्चे रेखाटन नाही, मागाहून दुरुस्ती नाही. उभ्या चौकटीसमोर चार पावले मागे जाऊन डोळे बारीक करणारा चित्रकार आपल्या परिचयाचा असतो. इथे मागे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आता ‘याम’. इंग्रजी-मराठी कोशात या शब्दापुढे सुरण, कोनफळ, करांदा असे काहीतरी सापडेल. त्यावरून मोठा, ओबडधोबड कंद डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अन्वेरलार ही जमिनीलगत पसरणारी एक नाजूक वेल आहे. लांबट पाने, पिवळी फुले, बारीक शेंगा. तिचे शास्त्रीय नाव विग्ना लान्सिओलाटा. विग्ना ही आपल्या स्वयंपाकघरातली प्रजाती आहे: मूग, उडीद, मटकी, चवळी हे सगळे विग्नाच. म्हणजे एमिलींचे ‘याम’ हे कोनफळाचे कोणी नव्हे, मटकीचे भावंड आहे. पेन्सिलीएवढी लांब मुळे जमिनीखाली जाडसर होतात, ती कच्ची खातात किंवा राखेत भाजतात. वेलीची आणखी एक खोड आहे. तिच्या काही शेंगा वर लागतात आणि काही थेट जमिनीखाली. मूळ पोसले की वरची माती तडकते, आणि त्या भेगा वाचत बायका टोकदार काठीने नेमक्या जागी खणतात. कोरड्या नदीपात्रांच्या काठी हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे होते. लहानपणी आई-आजीच्या मागे फिरत मुली ते शिकत.

एवढे कळले की चित्रातल्या रेषा निराळ्या दिसू लागतात. त्या वेलीच्या आहेत, मुळांच्या आहेत आणि भेगांच्याही आहेत. वरचे आणि खालचे एकाच पातळीवर मांडले आहे, कारण खणणाऱ्या बाईच्या डोक्यात ते एकत्रच असते. भेग पाहिली की तिला मूळ दिसते.

‘ड्रीमिंग’ या शब्दाने अधिक नुकसान केले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रान्सिस गिलेन या संशोधकांनी मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरर्न्ट लोकांच्या एका संकल्पनेसाठी स्वप्नाशी नाते सांगणारा इंग्रजी शब्द वापरला, तो रुळला, आणि मराठीतही आपण ‘स्वप्नकाळ’ लिहून मोकळे झालो. एमिलींच्या अन्माचेर भाषेत तो शब्द ‘आल्चेर’ असा आहे. आदिपुरुष, आदिस्त्रिया, प्राणी, वनस्पती या भूमीवरून चालत गेल्या, त्यांच्या चालण्यातून टेकड्या, झरे, खडक झाले, आणि त्यांनीच माणसांना वागण्याचे नियम दिले. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर मी ‘स्थळपुराण’ सुचवेन. प्रत्येक क्षेत्राचे आपले पुराण असते. अमुक कुंड का, अमुक शिळा कोणाची, ते त्यात सांगितलेले असते. फरक एवढाच की पुराण झालेल्या गोष्टी सांगते, आणि आल्चेर अजून चालू असते. ते चालू ठेवण्याचे काम त्या त्या जागेच्या वारसांवर असते. गाऊन, नाचून, अंगावर आणि वाळूवर आकृती काढून ते करायचे असते. त्यात कसूर झाली तर वेल उगवणार नाही, अशी ही जबाबदारी आहे. यात स्वप्नाळू असे काही नाही.

एमिलींचा जन्म १९१० च्या सुमाराचा, ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला सुमारे २५० किलोमीटरवर असलेल्या अल्हाल्कर या भूमीत. वडिलांकडून ती भूमी त्यांच्याकडे आली. १९२० च्या दशकात गोऱ्या पशुपालकांनी त्या परिसरात गुरांसाठी पट्टे घेतले आणि त्यातल्या एकाला ‘यूटोपिया’ असे नाव पडले. जिथल्या प्रत्येक खडकाला नाव होते त्या मुलखाला ‘कुठेच नसलेली जागा’ असा अर्थ असलेले नाव मिळावे, ही गंमत बहुधा कोणाच्या ध्यानातही आली नसेल. एमिलींनी गुरांच्या ठाण्यांवर मजुरी केली, उंटांचेही काम केले. बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला तेव्हा घरकाम येई. त्यांना हे बाहेरचे काम मिळाले. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत, इंग्रजी मोजके बोलत. स्वतःचे मूल नव्हते, पण भावकीतली मुले त्यांनी वाढवली. त्यांतल्या बार्बरा वीअर यांना सरकारी धोरणानुसार लहानपणीच उचलून नेण्यात आले. त्या पुष्कळ वर्षांनी परतल्या आणि पुढे स्वतः चित्रकर्ती झाल्या.

नावाबद्दलही सांगायला हवे. ‘उंग्वारे’ हे आडनाव नाही. ते नात्याच्या गटाचे नाव आहे. लग्न कोणाशी, कोणाची काळजी कोणी घ्यायची, हे त्यावरून ठरते. रोमन लिपीत आरंभी ‘के’ लिहितात, तो उच्चारात जवळजवळ विरून जातो. ‘काम’ हे त्यांचे खरे, भूमीने दिलेले नाव. त्याचा अर्थ अन्वेरलारची शेंग, तिचे बी. मराठीतल्या कामाशी त्याचा संबंध नाही, पण ‘बिग याम ड्रीमिंग’शी मात्र सरळ संबंध आहे: ज्या वेलीचे चित्र काढले, तिच्याच बियेचे नाव चित्रकर्तीला आहे. अल्हाल्करमध्ये आरपार भोक असलेला एक खडक आहे. त्याचा मान म्हणून एमिलींचे नाक टोचलेले होते. त्यांच्या छायाचित्रांत नाकाचे ते भोक स्पष्ट दिसते. जमिनीची खूण देहावर वागवण्याची रीत चित्रांच्या कितीतरी आधीची होती, हे त्यावरून ध्यानात यावे.

या रीतीचे मुख्य रूप म्हणजे ‘अवेल्य’. हा स्त्रियांचा विधी. जमीन आणि माणसे निरोगी राहावीत, अन्न उगवावे, यासाठी स्त्रिया एकत्र बसतात, चरबी चोळून गेरू आणि इतर मातीचे रंग छातीवर, खांद्यांवर, दंडांवर लावतात. बोटांनी किंवा काडीने ओढलेले जाड, समांतर पट्टे. रंग लावत असतानाच त्या त्या जागेची गाणी चालू असतात, मग नाच. कोणत्या भूमीच्या बाईने कोणते पट्टे ओढायचे हे ठरलेले असते. एमिली या विधीच्या ज्येष्ठ धुरीण होत्या. तेव्हा ‘सत्तरी उलटल्यावर एका आजीने ब्रश हातात घेतला आणि चमत्कार झाला’ ही जी कथा वर्तमानपत्रांनी लाडाने सांगितली, ती मला निव्वळ अज्ञान वाटते. त्यांनी तोपर्यंत साठेक वर्षे चित्रे काढली होती. ती धुतली जात होती, एवढेच.

कापडाकडे त्या वळल्या १९७७ मध्ये. यूटोपियात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग सुरू झाले होते आणि तिथे भाषातज्ज्ञ जेनी ग्रीन यांच्या पुढाकाराने बाटिक शिकवले गेले. मेणाचे हे तंत्र मूळचे जावाचे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अर्नाबेला या वसाहतीतल्या स्त्रियांनी ते आधीच आत्मसात केले होते. १९७८ मध्ये यूटोपियाच्या स्त्रियांचा बाटिक गट उभा राहिला आणि एमिली त्याच्या संस्थापकांपैकी एक होत्या. अकरा वर्षे त्यांनी गरम मेणाने रेशमावर काम केले. बाटिकची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. मेणाने जी रेघ ओढायची ती रंग लागू नये म्हणून ओढायची असते. कापड रंगात बुडते, मेणाखालची रेघ मात्र तशीच राहते. काळ्यावरच्या त्या पांढऱ्या रेषा पाहताना मला पुष्कळदा वाटते की यात बाटिकचा हात आहे. अंधारातून वाचवून ठेवलेली रेघ काढायची सवय अकरा वर्षांत बोटांत मुरली असणार.

बाटिक त्यांनी का सोडले? समीक्षकांना अशा वळणांना मोठी कारणे हवी असतात. एमिलींनी एका मुलाखतीत दिलेले कारण असे: कापड पुन्हापुन्हा उकळायचे, पुन्हापुन्हा चूल पेटवायची, साबणाची पूड संपत राहायची, याचा कंटाळा आला, डोळेही अधू होत चालले होते, कॅनव्हास सोपा. मला हे उत्तर फार आवडते, आणि ते अक्षरशः घ्यावे असे वाटते.

पण बाटिकच्याच काळात दुसरी एक घटना घडत होती. एमिलींच्या चरित्रात तिला दोन ओळी मिळतात, मी तिला मध्यभागी ठेवतो. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नॉर्दर्न टेरिटरीसाठी मूळनिवासींच्या जमीन हक्कांचा कायदा केला. त्याच वर्षी यूटोपियाचा पट्टा तिथल्या लोकांसाठी सरकारी निधीतून विकत घेतला गेला, त्यामुळे त्यावर पारंपरिक मालकीचा दावा करणे शक्य झाले. दाव्याची सुनावणी जमीन आयुक्त न्यायमूर्ती जॉन टूही यांच्यापुढे झाली आणि १९८० च्या अहवालात त्यांनी दावेदारांच्या बाजूने शिफारस केली. बाटिक गटाच्या स्त्रिया या दाव्यात पुढे होत्या. त्यांनी जमिनीवरच अवेल्य सादर केले. अंगावर पट्टे ओढून, गाऊन, नाचून त्यांनी आपला पुरावा दिला.

मोजणीच्या कामात असताना मी जमिनीचे अनेक वाद जवळून पाहिले. आपल्याकडे पुरावा म्हणजे कागद: सातबारा, फेरफार, फाळणीचा नकाशा. म्हातारी माणसे बांधावर उभी राहून आंब्याकडे, विहिरीकडे बोट दाखवत सांगायची आणि ऐकणारा मान डोलवून पुन्हा कागदात डोके घालायचा. म्हणून १९७६ च्या त्या कायद्यातली पारंपरिक मालकांची व्याख्या वाचली तेव्हा मी थबकलो. व्याख्येचे दोन गाभे आहेत. दावेदार गटाचे त्या भूमीतल्या स्थळाशी समाईक आध्यात्मिक नाते आणि त्या स्थळाची व भूमीची प्राथमिक जबाबदारी असली पाहिजे. आणि परंपरेने त्या भूमीवर हिंडून अन्न गोळा करण्याचा त्यांना हक्क असला पाहिजे. आता पुन्हा त्या आठ मीटरांच्या चित्राकडे वळा. अन्वेरलारचे आल्चेर आणि अन्वेरलार खणण्याचा हक्क, कायद्याने वेगवेगळ्या कलमांत मागितलेल्या या दोन्ही गोष्टी तिथे एकाच रेषेत आहेत. ज्या आकृती स्त्रियांनी आयुक्तांपुढे अंगावर काढल्या त्यांचाच हा विस्तार आहे. एमिलींनी चित्र काढताना कायद्याचा विचार केला असे मी म्हणत नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. कायद्याने उशिरा आणि अर्धवट ओळखलेली गोष्ट त्या आधीपासून जगत होत्या.

कॅनव्हास आला १९८८-८९ च्या उन्हाळ्यात. रॉडनी गूच यांनी यूटोपियाच्या लोकांमध्ये शंभर छोटे कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग वाटले, आणि त्यातून निवडलेली चित्रे १९८९ मध्ये सिडनीत मांडली गेली. एमिलींचे पहिले चित्र, ‘ईमू वुमन’, तिथेच लोकांच्या नजरेत भरले. पापुन्या इथल्या पुरुषांनी १९७१ पासून बोर्डांवर चित्रे काढायला सुरुवात केली होती. वर्तुळे, पावलांचे ठसे, वाटा अशी त्यांची चिन्हे तोपर्यंत जगाच्या ओळखीची झाली होती. ‘ईमू वुमन’मध्ये देहावरचे पट्टे होते आणि त्यांवर ठिपके. उलगडून सांगता येईल अशी चिन्हांची यादी तिथे मिळत नव्हती.

पुढच्या आठ वर्षांत चित्रांचे रूप झपाट्याने बदलत गेले. १९९० च्या आसपासच्या चित्रांत मुळांसारख्या रेषांचे जाळे खाली असते आणि वर बारीक ठिपक्यांचा थर. ठिपके वाढत जातात, जाळे बुडते. मग ठिपके मोठे होतात, ब्रश कॅनव्हासवर आपटून उमटवलेले, फुललेल्या रानासारखे. मग एकाएकी ठिपके नाहीसे होतात आणि नुसते पट्टे राहतात, अवेल्यचे पट्टे, पांढऱ्यावर सरळ ओढलेले. आणि १९९५ मध्ये रेषांचे ते जाळे उघडे होऊन वर येते. याला शैलीचे टप्पे म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात एकाच वेलीचे ऋतू दिसतात: आधी जमीन, मग पाने, फुले आणि बी, शेवटी खणून काढलेले मूळ.

सगळ्याच चित्रांवर मी सारखा लुब्ध नाही. एमिलींची सर्वांत महाग विकली गेलेली चित्रे ठिपक्यांच्या बहराच्या काळातली. त्यांतले १९९४ चे ‘अर्थ्स क्रिएशन’ चार भागांचे, सहा मीटरांहून रुंद. पावसानंतरच्या हिरव्या-पिवळ्याचा त्यात पूर आहे. सुंदर आहे, पण मला ते जरा सैल वाटते. रंग इतका भरभरून आहे की खालची जमीन हरवते. १९९० ची ठिपक्यांची शांत चित्रे, ज्यांत रेष अर्धी दिसते आणि अर्धी कळते, ती मला जास्त श्रेष्ठ वाटतात. कागदावरचे आणि कॅनव्हासवरचे नुसते पट्टे तर पुष्कळ समीक्षकांनी ‘मिनिमल’ म्हणून बाजूला ठेवले. त्यांत एका हाताचा दाब, रंगाचे ओले-सुके होणे, श्वास घेऊन पुन्हा ओढलेली रेघ इतकी स्पष्ट आहे की छातीवर रंग लावणारी बोटेच दिसतात.

अमूर्ततेचा मुद्दा टाळता येत नाही. एमिलींची तुलना मोने, पोलॉक, रॉथ्को यांच्याशी सतत झाली. जपानी समीक्षक अकिरा तातेहाता यांनी त्यांना विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ अमूर्त चित्रकारांत बसवले आणि ‘अशक्य आधुनिकतावादी’ म्हटले. २००८ मध्ये ओसाका आणि टोकियोत त्यांचे मोठे प्रदर्शनही भरले. तातेहातांचे कोडे प्रामाणिक आहे: जिने पाश्चात्त्य आधुनिक चित्रकला पाहिलीच नाही तिची चित्रे इतकी आधुनिक कशी? पण हे कोडे पाहणाऱ्याचे आहे. अमूर्त म्हणजे वस्तूपासून सुटलेले, आणि एमिलींच्या चित्रात वस्तूपासून सुटलेले काहीच नाही. तिथे वेल आहे, तिचे मूळ आहे, तडकलेली माती आहे, बाईचा दंड आहे. आपल्याला ती वेल माहीत नाही म्हणून आपण चित्राला अमूर्त म्हणतो. तुलनेने त्यांना मोठ्या दालनात जागा मिळवून दिली हे खरे, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. पण त्या जागेचे भाडे म्हणून वेल बाहेर ठेवावी लागली.

वारली चित्रांची आठवण इथे मराठी वाचकाला होईलच. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आणि गाणारी धवलेरी, हे साम्य मोह पाडणारे आहे. मी ते ताणू इच्छित नाही. चौकात पालघट देवी ओळखू येते. अवेल्यचे पट्टे बाहेरच्याला काहीही ओळखू देत नाहीत.

आणि ते मुद्दामच. अवेल्य स्त्रियांचे आहे. मी पुरुष, त्यातून हजारो मैलांवरचा. तिथे मला जागा नाही आणि नसावी. गाण्यांतले काही उघड असते, काही फक्त दीक्षित स्त्रियांपुरते. मग ज्या चित्राचा अर्थ जाणूनबुजून झाकलेला आहे त्याची समीक्षा करायची तरी कशी? एक मार्ग म्हणजे अर्थ सोडून रंगरेषेवर बोलणे. तो सोपा आहे आणि त्याचा परिणाम वर सांगितला. दुसरा मार्ग गुपित उकरण्याचा. तो असभ्य आहे. मला वाटते, जे उघड सांगितले आहे तेच आपण अजून नीट ऐकलेले नाही. चित्रात काय आहे असे विचारले की एमिली म्हणत, सगळे. मग यादी देत: अवेल्य, अन्वेरलारचे मूळ, काटेरी सरडा, गवताचे बी, ईमू, ईमूला आवडणारे एक रोपटे, रानशेंग, आणि काम, म्हणजे ते बी. पुष्कळांना हे उत्तर टाळाटाळीचे वाटले. मला त्यात चतुःसीमा सांगणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो. कोणी जमिनीचा तुकडा विचारला, तर हक्कदार सगळ्या शिवाराचे नाव घेतो. या यादीतल्या एकेका नावाची वनस्पतिशास्त्रीय, भाषिक, व्यावहारिक माहिती आज उपलब्ध आहे, कोणाचेही गुपित न फोडता. समीक्षेने तेवढे तरी कष्ट घ्यावेत.

बाजाराने कष्ट घेतले, पण निराळे. आठ वर्षांत एमिलींनी सुमारे तीन हजार चित्रे काढली असे म्हटले जाते, म्हणजे सरासरी दिवसाला एक. अनेक विक्रेते, अनेक ठिकाणी टाकलेले कॅनव्हास, आणि मागे मोठी भावकी. मिळकत वाटून घेण्याचा तिथला नियम पाळायचा तर चित्रे काढत राहणे भाग होते. या तीन हजारांत थकलेली, उरकलेली चित्रे आहेत हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच आधी मान्य करायला हवे. २००७ च्या मे महिन्यात ‘अर्थ्स क्रिएशन’ लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेले. पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा वारसांना वाटा देणारा कायदा तेव्हा तिथे नव्हता. तो २०१० मध्ये लागू झाला. २०१७ मध्ये हेच चित्र २१ लाखांना विकले गेले.

त्याच २००७ च्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या सरकारने नॉर्दर्न टेरिटरीत ‘आणीबाणीचा उपाय’ जाहीर केला. मूळनिवासींच्या मालकीच्या जमिनी विहित क्षेत्रे ठरल्या, अनेक वस्त्या सक्तीच्या पाच वर्षांच्या पट्ट्याने सरकारच्या ताब्यात गेल्या, प्रवेशाच्या परवानगीची पद्धत मोडली गेली. यूटोपियातच जन्मलेल्या आणि १९५५ च्या ‘जेडा’ चित्रपटातल्या नायिका रोझाली कुनॉथ-मंक्स यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. ज्या भूमीचे चित्र मे महिन्यात दहा लाखांना गेले, त्या भूमीत कोणी यायचे हे ठरवण्याचा हक्क तिथल्या लोकांच्या हातून त्याच वर्षी काढून घेतला गेला. या दोन घटना कलेच्या इतिहासात एकत्र लिहिलेल्या मला फारशा आढळल्या नाहीत.

अलीकडे काही बदलले आहे. २०२३ च्या डिसेंबरात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात भरलेले प्रदर्शन केली कोल आणि हेटी पर्किन्स या दोन मूळनिवासी स्त्रियांनी रचले. त्यासाठी त्या यूटोपियातल्या वृद्ध स्त्रियांकडे वारंवार गेल्या. नावाचे लेखन अन्माचेर कोशाप्रमाणे केले गेले. बाटिकचे रेशीम कॅनव्हासच्या बरोबरीने टांगले गेले. २०२५ च्या जुलैत लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये एमिलींचे मोठे प्रदर्शन उघडले. मेलेल्या माणसाचे नाव काही काळ न घेण्याची तिथली रीत आहे. ‘काम’ हे नाव आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले जाते, ते तिच्या माणसांच्या संमतीने.

सप्टेंबर १९९६ मध्ये एमिली ॲलिस स्प्रिंग्जमध्ये वारल्या. त्याच्या काही आठवडे आधी, दोन-चार दिवसांच्या बैठकीत, त्यांनी चोवीस लहान चित्रे काढली. त्यांत ठिपका नाही, पट्टा नाही, वेल नाही. भिंतीला अस्तर देण्यासाठी वापरतात तसला रुंद ब्रश घेऊन त्यांनी गुलाबी, निळे, पांढरे रंग एकात एक फासले आहेत. छापील पानावर ही चित्रे मला अजून नीट पाहता येत नाहीत. रेष शोधत राहतो. एका चित्रात डाव्या कडेला पांढऱ्याखालून गुलाबी डोकावतो, तिथे बोटभर जागेत ब्रशचे केस सुटे झालेले आहेत, आणि त्यांचे ओरखडे समांतर आहेत.